जिवनबाईच्या चुण्या

आखाडा बाळापूर
१४ जुलै २०२४

चि. पुजा,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर बिघडलं आहे. संगणकावर बोटं चालवून हात आळशी झाला असेल, पण ते कारण मी ऐकणार नाही.

तुझी आई, तुझी याडी, परवा बाजाराला आली होती. नेहमीप्रमाणे पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वाचा बाई." मी वाचलं. पुण्यात पाऊस बरा आहे, मेसचं जेवण बरं आहे, काम बरं चाललं आहे. एका पानात सहा वेळा 'बरं'. जिवनबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पर पोरगी करून काय राहिली तिथं? तांड्यात बाया इचारतेत. डाक्टर व्हनार म्हन्ते, तर मंग दवाखाना काहून न्हाई?"

मी म्हटलं, ही वेगळी डॉक्टर. आतड्यावर संगणकात काहीतरी काम करते.

"कुनाच्या आतड्यावर?"

चौतीस वर्षं मी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलं. नांदेडला बी.एस्सी. केलं तेव्हा वर्गात आम्ही तीनच मुली होतो. आणि या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मला ते आवडलं नाही.

तू अकरावीला हिंगोलीला गेलीस तेव्हा आपलं ठरलं होतं. फोनवर तुमचं दोन मिनिटं बोलणं होतं, जेवलीस का आणि झोपलीस का, मग तुझा भाऊ देविदास फोन काढून घेतो. म्हणून तू महिन्याला पत्र लिहायचं, मी आईला वाचून दाखवायचं, तिचं उत्तर मी लिहायचं. बारा वर्षं हे चाललं आहे. आता तू फक्त हजेरी लावतेस.

पुढच्या पत्रात लिही की तू काय करतेस. शाळेत न गेलेल्या बाईला कळलं पाहिजे आणि मला त्यात चूक सापडता कामा नये.

मनकर्णाबाई

* * *

पुणे
२ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई आणि याडी,
सादर नमस्कार.

आतडं कोंबडीचं आहे. तेही अंड्यातल्या पिल्लाचं.

याडी, अंडं उबवायला ठेवलं की एकवीस दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. आठवड्याभरानं आत बघितलं तर त्याचं आतडं म्हणजे नुसती बारीक नळी असते, आतून गुळगुळीत. मग तिचं आतलं अस्तर भराभर वाढायला लागतं. त्याच सुमारास बाहेरून स्नायूंचा वेढा बसतो, बांगडीसारखा. हा वेढा अस्तराइतका वाढत नाही. अस्तराला जागा पुरत नाही, मग ते आतल्या बाजूला दुमडतं. नळीभर उभ्या चुण्या पडतात. आणखी काही दिवसांनी स्नायूंचा दुसरा थर येतो, तो नळीच्या लांबीच्या दिशेनं. आता त्या उभ्या चुण्यांना लांबीतही जागा उरत नाही. मग त्या नागमोडी होतात. पुढे त्यांतूनच बोटांसारखे बारीक उंचवटे उठतात. बाई, तुम्ही नववीत फळ्यावर काढले होते ते. अन्नातला रस तिथून रक्तात जातो.

हे मी शोधलेलं नाही, माझ्या आधीच्या लोकांनी शोधलं. माझं काम हे सगळं संगणकात पुन्हा घडवून बघायचं. अस्तर किती मऊ, किती वेगानं वाढतं, स्नायू किती ताठ, हे आकडे द्यायचे आणि त्याला वाढू द्यायचं. जे चित्र येईल ते खऱ्या आतड्याशी जुळलं, तर म्हणायचं की कारण आपल्याला समजलं. नाही जुळलं तर काहीतरी आपल्याकडून राहिलं. काही लेकरं जन्मतःच बिघडलेलं आतडं घेऊन येतात. पुढेमागे कुणाला त्यासाठी उपयोग होईल. तो मी करेन असं नाही.

मी जेवते. पाऊस आहे.

पुजा

(बाई, हा दुसरा कागद फक्त तुमच्यासाठी.

चित्र जुळत नाही. उभ्या चुण्या येतात, त्या वाकड्याही होतात, पण प्रत्येक आपल्या मनानं. एक डावीकडे वळते तेव्हा शेजारची उजवीकडे. खऱ्या आतड्यात सगळ्या एकदम वळतात, कवायतीतल्या रांगेसारख्या. दीड वर्ष मी आकडे बदलते आहे. अठरा फेब्रुवारीला चार जणांची समिती बसेल. काम पुरेसं वाटलं तर प्रबंध लिहायची परवानगी मिळेल. नाही वाटलं तर खालची पदवी घेऊन परत यायचं, पीएच.डी. संपली. पाचवं वर्ष आहे, यापुढे वेळ मागता येत नाही. याडीला सांगू नका. ती काही बोलणार नाही, पण देविदासला दुसऱ्या दिवशीच पुण्याच्या गाडीत बसवेल.)

* * *

आखाडा बाळापूर
२५ ऑगस्ट २०२४

चि. पुजा,
आशीर्वाद.

हे पत्र लिहिण्यासारखं होतं. 'बांगडीसारखा वेढा' चालेल. बाकी चूक सापडली नाही.

वेगळा कागद पाठवू नकोस. मला तो वहीखाली सरकवावा लागतो आणि तुझी आई कागद मोजते. "दोन आले व्हते, एकच वाचला," म्हणाली. मी म्हटलं, दुसऱ्यावर माझ्या गुडघ्याच्या औषधाबद्दल आहे. तिला पटलं नाही. या वयात तुझ्यासाठी खोटं बोलायची सवय मला लावू नकोस.

तर पहिला कागद मी तिला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी ती मुगाच्या शेंगा सोलत होती. दुसऱ्या वेळी थांबली.

"हे तं फेटियाचंच हाय," म्हणाली.

मी म्हटलं, घागऱ्याचं? कसं?

"आवं बाई, फेटियाचा घेर बारा हात आन् कंबर दीड हाताची. नेफ्यात दोरा वढला की कापड जाईल कुठं? चुन्याच पडनार. ह्याला पुन्याला काहून जावं लागतं?"

मी म्हटलं, तुझी मुलगी म्हणते की चुण्या पडतात, पण पुढे सगळ्या एकदम वळत नाहीत, आपापल्या वाटेनं जातात. (हे तुझ्या दुसऱ्या कागदातलं, पण समितीचं मी बोलले नाही.) यावर ती हसली. "आमची बी पहिली फेटिया तशीच व्हती. सासूनं उसवाया लावली." मग म्हणाली की मी नमुना करून देते, पोरीला समोर ठेवून बघता येईल.

पुढच्या बाजाराला घेऊन आली. जाडं लाल कापड, हातभर रुंद आणि चार हात लांब, दोन्ही काठांना दोरा ओढून वीतभर केलेलं. चुण्या बसाव्यात म्हणून खळ दिलेली. तांड्यावर आता तिच्याइतकी फेटिया शिवणारी बाई उरलेली नाही. मुली शिवलेल्या साड्या घालतात आणि फेटिया लग्नात फोटोपुरती. तिचं काम मी पहिल्यांदाच हातात घेऊन बघितलं. तुझी प्रयोगवही अशी असती तर मी कधी बोलले नसते.

पार्सलची खटपट नको म्हणून नमुना लिफाफ्यात घालून काल रजिस्टर केला आहे. मिळाल्याचं कळव.

मनकर्णाबाई

* * *

पुणे
२० सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई आणि याडी,
सादर नमस्कार.

नमुना मिळाला. मी लिफाफा प्रयोगशाळेतच फोडला, आणि दहा मिनिटं नुसती बघत बसले.

याडी, तू हे कसं केलंस? चुण्या सरळ नाहीत. सगळ्या नागमोडी आहेत, आणि सगळ्या एकाच वेळी वळतात. डावीकडे तर सगळ्या डावीकडे, उजवीकडे तर सगळ्या उजवीकडे. तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या पिल्लाचं आतडं उघडून ठेवावं तसं. माझ्या बाजूला बसणारी कोमल म्हणाली, तुझी आई प्रयोगशाळेत कधी येऊन गेली?

मी उलटंपालटं करून बघितलं. मला वाटतं, तू मागून एका चुणीचं टोक शेजारच्या चुणीला टाचलं असणार, म्हणून एक वळली की दुसरीला वळावंच लागतं. खळीमुळे टाका दिसत नाही आणि उसवायला माझा हात होत नाही. पण मी ते गणितात घातलं. प्रत्येक चुणी शेजारणीशी एका दुव्यानं बांधली. त्या दुव्याला मी प्रोग्राममध्ये 'याडीचा टाका' असं नाव दिलं आहे. बाई, चित्र आलं. दीड वर्षात पहिल्यांदा आलं. माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आले, एरवी ते बोलावून घेतात.

सर म्हणाले, समितीसमोर पहिलं चित्र या कापडाचं असेल, आणि खाली नाव: जिवनबाई रामसिंग आडे. देविदासच्या फोनवर फोटो पाठवला आहे. तांड्यात सगळ्यांना दाखवा.

तेवढा टाका कोणता ते याडीला विचारून कळवा. म्हणजे आतड्यात त्याच्या जागी काय असेल ते शोधता येईल.

पुजा

* * *

आखाडा बाळापूर
१२ ऑक्टोबर २०२४

चि. पुजा,
आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. नावाचं वाचलं तेव्हा तुझी आई मान खाली घालून पिशवीचा बंद बांधत बसली. देविदास म्हणतो, फोटो तांडाभर फिरला. नायकाच्या घरी मोठा करून बघितला.

टाक्याचं विचारलं. ती म्हणाली, "नेहमीचाच."

इथे सोयाबीनची काढणी चालू आहे. हळद चांगली आहे. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. बाकी नंतर लिहिते.

मनकर्णाबाई

* * *

पुणे
३० नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र इतकं लहान होतं की मी पाकिटात आणखी काही राहिलं का ते बघितलं. नोव्हेंबरचं आलंच नाही. तब्येत बरी आहे ना? देविदास म्हणतो बरी आहे, पण तो सगळ्यांनाच बरं म्हणतो.

टाक्याचं पुन्हा विचारते, कारण अडलं आहे. सर रोज विचारतात की हा दुवा खऱ्या आतड्यात नेमका कशाचा. चित्र सुंदर आहे, पण समितीतला पहिला माणूस हाच प्रश्न विचारेल. मी पिल्लाच्या आतड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली शेकड्यानं बघितले. चुणी आणि चुणी यांच्या मध्ये काही धागे असल्यासारखे वाटतात. काही कापांत दिसतात, काहींत नाही. ज्यांत दिसतात ते मी वेगळे काढून ठेवले आहेत. 'असा दुवा असण्याची शक्यता आहे' असं लिहायचं ठरलं आहे. सर म्हणतात, शक्यता म्हणायला कुणाची हरकत नसते.

याडीनं टाका दाखवला तर मला निदान कुठे शोधायचं ते कळेल. 'नेहमीचाच' म्हणजे कोणता? ती नेहमीच असं सांगते. तुम्ही समोर बसवून काढून घ्या ना चित्र.

अठरा फेब्रुवारीला अजून अकरा आठवडे आहेत.

पुजा

* * *

आखाडा बाळापूर
९ जानेवारी २०२५

चि. पुजा,

हे पत्र मी तुझ्या आईच्या नकळत लिहिते आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा.

टाका शोधू नकोस. टाका नाही.

तुझ्या आईनं आणलेल्या नमुन्यात चुण्या सरळ होत्या. आखून घ्याव्यात अशा सरळ, हातभर लांब. माझ्याकडचा लिफाफा त्याहून चार बोटं आखूड होता. मधे घडी घातली असती तर चुण्या मोडल्या असत्या, म्हणून मी कापड टोकाकडून दाबून आत बसवलं. लिफाफा फुगला. पोस्टात असा घेणार नाहीत म्हणून तो दोन दिवस लोखंडी ट्रंकेखाली ठेवला. ट्रंकेत माझ्या जुन्या वह्या आहेत, वजन भरपूर आहे. कापड खळीनं अजून दमट होतं. तू जे बघितलंस ते ट्रंकेनं केलं. तुझ्या आईनं नाही.

तुझं सप्टेंबरचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला हे कळलं. तुझी आई समोर बसली होती. तिचं नाव चार विद्वानांसमोर पडद्यावर येणार हे मी नुकतंच माझ्या तोंडानं वाचलं होतं. तिनं मान खाली घातली होती. मला वाटलं, हिला आता काय सांगू? मग वाटलं, पुजा स्वतःच शोधून काढेल. मग वाटलं, टाका नसला तरी चित्र तर जुळतं आहे ना. ही तीन वाक्यं मी स्वतःला तीन महिने ऐकवली. पहिलं दयेचं होतं, दुसरं आळसाचं. तिसरं लबाडीचं.

तू नोव्हेंबरात लिहिलंस की ज्या कापांत धागे दिसतात ते वेगळे काढून ठेवले आहेत. ते वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. नववीत तू कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र सूक्ष्मदर्शकात न बघता पुस्तकातून उतरवलं होतंस. मी सगळ्या वर्गासमोर ते पान फाडलं होतं. आता तू धागे नसताना धागे बघते आहेस, आणि ते तुला मी दाखवले आहेत.

हे मला ऑक्टोबरात लिहायला हवं होतं. तुझे तीन महिने माझ्यामुळे गेले आणि तुझ्याकडे आता सहा आठवडे आहेत. क्षमा मागून ते परत येणार नाहीत हे मला कळतं. तरी मागते.

सरांना सांग. आईचं मी बघते.

मनकर्णाबाई

* * *

पुणे
१९ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,
नमस्कार.

पत्र चौदाला मिळालं. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुमच्यावर रागावता येतं हे मला आधी माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी बाजारातून जाडं कापड आणलं. चुण्या घातल्या, याडीसारख्या नाही पण सरळ. खळ दिली. नुसतं टोकाकडून दाबलं, तर प्रत्येक चुणी आपली वाट धरते, काही तर वर उभ्या राहतात. म्हणजे अगदी माझं दीड वर्षाचं चित्र. मग वरून लाकडी फळी ठेवली, फळीवर कोमलला बसवलं, आणि टोकाकडून दाबलं. सगळ्या एका रांगेत वळल्या. असं अकरा वेळा केलं, नऊ वेळा जमलं. कोमल म्हणाली, माझ्या वजनाचा विज्ञानाला पहिल्यांदाच उपयोग झाला.

बाई, माझ्या संगणकात वर फळीच नव्हती. मी आतड्याची नळी कापून, पसरून सपाट मांडली होती, कारण सपाट असली की गणित लवकर सुटतं. सगळेच आधी तसं करतात. पण खरं आतडं बंद असतं आणि त्या दिवसांत आत जागा जवळजवळ नसतेच. एका भिंतीच्या चुण्या समोरच्या भिंतीच्या चुण्यांवर टेकतात. त्यांना वर उठायला वाव नाही, हव्या तिकडे जायलाही नाही. मी दीड वर्ष नळी उघडी टाकून विचारत होते की ही अशी का वागत नाही.

हे खरं असेल की नाही, मला माहीत नाही. फळी आणि कोमल म्हणजे कोंबडीचं आतडं नव्हे. बंद नळीचं गणित नव्यानं लिहावं लागेल आणि एकेक वेळ चालायला आठ-आठ दिवस लागतील. अठरा फेब्रुवारीपर्यंत ते होणार नाही.

काल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुझ्या बाईंनी हे लिहिलंच नसतं तर? मी म्हटलं, तर मी धागे शोधत राहिले असते आणि सापडले असते. ते म्हणाले, जुनं चित्र तसंच दाखव, परवानगी पदरात पाडून घे, नळीचं नंतर प्रबंधात घाल. त्यात खोटं असं काही नाही, 'शक्यता' शब्द आहेच. मी विचार करते म्हटलं. खरंच विचार करते आहे, बाई. नाही म्हणाले आणि समितीनं घरी पाठवलं, तर तांड्यावर मी काय करणार आहे ते मला दिसत नाही.

काही ठरवलं तरी पहिल्या पडद्यावरून याडीचं नाव काढावं लागेल. ते तिला तुम्ही सांगा. माझ्यानं होणार नाही.

पुजा

* * *

आखाडा बाळापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. पुजा,
आशीर्वाद.

खालचा मजकूर तुझ्या आईचा आहे, परवा सांगितलेला. ती बोलली तसा लिहिला आहे. मी काही दुरुस्त केलेलं नाही, तिनं करू दिलं नाही.

"पुजा, म्या बरी हाय. हळद काढनं सुरू झालंय, देविदास वावरातच ऱ्हातो. आज बाईनं तुजं पत्र वाचलं. मधीच थांबल्या. पानी प्याल्या. म्हनल्या, जिवनबाई, मला एक सांगायचंय. म्या म्हनलं, टरंकेचं ना?

आगं, ते कापड टरंकेखाली गेलं तवा म्या हितंच ओट्यावर व्हते. म्या म्हनलं बी, बाई, चुनी मोडंल. बाई म्हनल्या, मोडत न्हाई. बाईला आपन काय सांगावं? आर्ध्या गावाला त्याहिनं शिकिवलं. मंग देविदासनं फोनवर फोटू दाखिवला. म्या बघितलं आन् मला कळलं का ह्या चुन्या माज्या न्हाईत. माजी चुनी सरळ असती. चाळीस वर्सात एक वाकडी पडली न्हाई.

तू म्हनलीस तांड्यात दाखवा. दाखिवला. नायकाच्या घरी मिराबाई सगळ्यांदेखत म्हनली, जिवनीचा हात म्हातारा झाला, चुन्या नागिनीवानी पडून राहिल्या. दुसरी म्हनली, पुन्याला काहून धाडलं आसलं काम, तांड्याची लाज गेली. मला लई तकलीफ झाली. चार दिस म्या पान्यालाबी बायांच्या संगं गेले न्हाई. पर बोलले न्हाई. बोलले आसते तं बाईचं नाव निघालं आसतं. त्या एवढ्या शिकलेल्या, आन् त्यांच्यावर बाया हसल्या आसत्या.

टाका इचारला तवा म्या नेहमीचाच म्हनलं. त्यो नेहमीचाच व्हता. खोटं बोलले न्हाई.

आता बाई म्हनत्यात का तुजं नाव पुजा काढनार. काढू दे. आदी काढ. वाकड्या चुनीखाली माजं नाव मला नगं. मानसं काय म्हनतील.

तुजे सर म्हनतेत जुनंच दाखव. बाईनं मला दोनदा समजून सांगितलं. पयली फेटिया माजी चुकली तवा वरून घेर चांगला दिसून राहिला व्हता. घरातलं लग्न दोन दिसांवर. म्या सासूला म्हनलं, कुनाला दिसतंय? ती म्हनली, तुला दिसतंय का? म्या म्हनलं, व्हय. मंग उसव म्हनली. म्या उसवली. लग्नात जुनी फेटिया घालून नाचले.

घरी यावं लागलं तं ये. जागा हाय. पर ते चित्र घिऊन येऊ नगंस."

मजकूर संपला.

मी इतके महिने समजत होते की मी तिची लाज राखते आहे. ती माझी राखत होती, आणि त्यापायी तांड्याचं बोलणं खात होती. काल मी तिच्याबरोबर तांड्यावर गेले. नायकाच्या घरी बसून मिराबाईसमोर सांगितलं की चुण्या माझ्या ट्रंकेनं बिघडवल्या. मिराबाई म्हणाली, "मंग बाई, तुमाला शिवायला शिकवू का?" सगळ्या हसल्या. जिवनबाई सगळ्यांत जास्त हसली. मी बसून राहिले. बसायलाच हवं होतं.

समितीनं विचारायची वाट बघू नकोस. उभी राहिलीस की पहिलं वाक्य तेच बोल. नंतर बोललीस तर ते सापडल्यासारखं दिसतं.

मनकर्णाबाई

* * *

पुणे
१० मार्च २०२५

आदरणीय बाई आणि याडी,
सादर नमस्कार.

होळीला येत नाही. कारण सांगते.

अठरा तारखेला मी उभी राहिले आणि म्हणाले की गेले पाच महिने मी जे चित्र दाखवत होते ते चुकीच्या कारणानं बरोबर आलेलं आहे. सरांना मी सकाळीच सांगितलं होतं की मी असं बोलणार. ते 'ठीक आहे' म्हणाले होते, पण बोलत असताना माझ्याकडे बघत नव्हते. मी कापड दाखवलं, ट्रंकेचं सांगितलं, फळीचं सांगितलं. जे काप वेगळे काढून ठेवले होते ते आणि जे टाकले होते ते शेजारी शेजारी लावले. वीस मिनिटांत सगळं संपलं. चौघांत सगळ्यांत वयानं मोठ्या आहेत त्या बाईंनी विचारलं, "म्हणजे आज तुझ्या हातात काय आहे?" मी म्हटलं, एक शंका आणि एक फळी. कुणी हसलं नाही.

मला बाहेर बसवलं. चाळीस मिनिटं. वऱ्हांड्यात एक पंखा होता, तो चालू आहे की बंद ते मला आठवत नाही.

परवानगी मिळाली नाही. घरीही पाठवलं नाही. ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली, एकदाच. तोवर बंद नळीचं गणित उभं राहिलं तर प्रबंध, नाही तर खालची पदवी. त्या मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, मुदत आम्ही शंकेला दिली आहे, फळीला नाही. पाचव्या दिवशी सरांनी येऊन टेबलावर दोन जाड वह्या ठेवल्या. त्यांनी स्वतः तरुणपणी गोल नळ्यांचं गणित केलं होतं, ते अर्धवट राहिलं होतं. "हे वाच," म्हणाले, एवढंच.

पहिली बंद नळी काल पूर्ण झाली. आठ दिवस चालली. दुवा नाही, टाका नाही, फक्त अस्तर, स्नायू आणि समोरची भिंत. चोवीस चुण्या आल्या. एकोणीस एका रांगेत वळल्या. पाच नाही वळल्या. का नाही, मला कळलेलं नाही. कदाचित आकडा चुकला असेल, कदाचित शंकाच चुकली असेल. ऑगस्टपर्यंत हेच शोधायचं आहे.

सर चित्र बघून म्हणाले, नळी थोडी फिरवून छापलीस तर त्या पाच मागच्या बाजूला जातात.

मी फिरवली नाही. छापील चित्र सोबत पाठवते आहे, त्या पाच अगदी समोर आहेत. याडीला दाखवा. तिला त्याच आधी दिसतील.

पुजा